सूनबाईचा पाहुणा

आमची सूनबाई लग्न होऊन आली त्या दिवशी टेम्पोतून आधी तिच्या दोन बॅगा उतरल्या आणि मागोमाग तीन लोखंडी डबे उतरले. डबे चपटे, पण असे जड की हमालाने दुसऱ्याच पायरीवर टेकवून विचारलं, आत तिजोरी आहे की काय. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर नेमके जिन्यात उभे होते. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस, बातमी हातात ठेवून बसणार थोडाच. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं की आमच्याकडे काहीतरी घबाड आलंय. प्रत्यक्षात आले होते कॉम्प्युटर, तेही भंगारातून उचललेले. ज्या कारखान्याने ते बनवले तो बंद पडून तेव्हाच अकरा वर्षं झाली होती.

त्या डब्यांची आणि सूनबाईची गोष्ट लिहायची असं माझ्या बरेच दिवस मनात होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, माझ्याबद्दल काय लिहिण्यासारखं आहे? प्रोसेसरबद्दल लिहा." मी म्हटलं, बरं. सासऱ्याने सुनेशी वाद घालू नये, कारण दुसऱ्या दिवशी चहा तिच्याच हातचा असतो.

आता माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही चार इयत्ता एका खोलीत बसायच्या अशा शाळेत. पुढचं आयुष्य वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलं. त्यामुळे मला जेवढं उमगलं तेवढंच सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक प्रोसेसर असतो, तोच सगळा हिशेब करतो. प्रोसेसरच्या जाती असतात आणि प्रत्येक जातीची भाषा वेगळी. जगातल्या बहुतेक कॉम्प्युटरांत दोन-तीन जातींचेच प्रोसेसर बसतात. बाकीच्या जाती कुठे कुठे कोपऱ्यात उरल्यात. आणि कॉम्प्युटर उठून कामाला लागायचा तर त्याला ऑपरेटिंग सिस्टिम लागते. तिच्याशिवाय तो नुसता पत्र्याचा डबा.

अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे की जी कुणाच्या मालकीची नाही. देशोदेशीचे लोक ती फावल्या वेळात लिहितात, दुरुस्त करतात, कुणीही उघडून पाहावी, कुणीही वापरावी. ती अकरा जातींच्या प्रोसेसरांवर चालायची. मोठ्या जातींची काळजी घ्यायला शेकडो माणसं. पण एक जात अशी होती की तिच्याकडे बघणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस आमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत असायचं.

मी तिला एकदा विचारलं की सिस्टिम एकच आहे तर वेगळं बघायचं काय असतं. ती म्हणाली, "समजा, हातमोज्यांचा कारखाना आहे. सगळ्या जगाला पाच बोटं. एका माणसाला सहा. कारखान्यात कुणीही नवा मोजा शिवला की सहाव्या बोटाचं काय, हे विचारायला मी जाते." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे एका व्यापाऱ्याचा काटा असाच होता, त्याला कुठलाच सुटा भाग बाजारात मिळायचा नाही, प्रत्येक वेळी मलाच कानस घेऊन बसावं लागायचं. पण तो किस्सा आता नको, नाहीतर सूनबाई राहील बाजूला.

हे तिच्या गळ्यात पडलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. ती शिकून पहिल्यांदा एका टेलिफोनच्या कार्यालयात लागली. तिथे जुने डबे मोडीत काढायला अंगणात रचले होते. तिने साहेबांना विचारून चार उचलले. घरी नेऊन एकावर ही सिस्टिम घातली, तर डब्याचं घड्याळ तासाला दोन मिनिटं मागे पडायला लागलं. तिने त्या प्रकल्पाच्या लोकांना पत्र लिहिलं. तेव्हा त्या प्रोसेसरची काळजी एक परदेशी गृहस्थ घेत असत, सूनबाई त्यांना 'गुरुजी' म्हणते. गुरुजींचं उत्तर आलं ते एका ओळीचं: घड्याळाची फाइल अमुक ठिकाणी आहे, दुरुस्त करून पाठव, मी तपासतो. कुणी दुसरी असती तर नाद सोडला असता. हिने तीन आठवडे खपून ते दुरुस्त केलं. मग दुसरं काही निघालं, मग तिसरं. असं चार वर्षं चाललं. एक दिवस गुरुजींनी सगळ्यांना कळवलं की माझे डोळे आता काम देत नाहीत, आजपासून हे ही मुलगी बघेल. त्यांनी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. ती म्हणते, विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

तिची खरी नोकरी वेगळी आहे. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पंपांवर लक्ष ठेवणारे कॉम्प्युटर सांभाळते. पाणी सातही दिवस लागतं, म्हणून तिची सुट्टी रविवारी नसते, मंगळवारी असते. मंगळवारची दुपार त्या डब्यांची. न्हाणीघराशेजारी आमची अडगळीची खोली होती, तिथे फळीवर तीन डबे एकावर एक. समोर एक स्टूल, त्यावर सूनबाई, मांडीवर वही. ती अजूनही आधी वहीत लिहिते आणि मग कॉम्प्युटरवर.

त्या प्रकल्पात एक रीत होती. प्रत्येक जातीची सिस्टिम त्याच जातीच्या यंत्रावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बांधून काढायची. दुसऱ्या वेगवान यंत्रावर तयार करून आणायची नाही. स्वतःचं घर स्वतः बांधता येत नसेल तर त्यात राहायला काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. वेगवान यंत्राला त्या कामाला अर्धा तास लागतो. आमच्या डब्याला नऊ दिवस लागायचे. ते नऊ दिवस घरात कुणी इस्त्री आणि मिक्सर एकदम लावायचा नाही, कारण फ्यूज उडाला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा सातव्या दिवशी आमच्या हिने विसरून दोन्ही लावलं. घरभर अंधार. सूनबाई खोलीत जाऊन स्टुलावर बसून राहिली. हिला इतकं वाईट वाटलं की पुढचे नऊ दिवस हिने इस्त्री कपाटात कुलूप लावून ठेवली आणि माझा मुलगा चुरगळलेल्या शर्टात दुकानात गेला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकं म्हणाली असतील, चष्मा लावला आणि आधी दुकानदाराचा शर्टच दिसला.

आता पाहुण्याकडे येतो.

त्या सिस्टिममध्ये अशी सोय आहे की यंत्र जागं झालं की प्रकल्पाच्या टपालपेटीत आपणहून एक पत्र टाकतं. मालकाने परवानगी दिली असेल तरच. पत्रात मजकूर रुक्ष: मी अमक्या जातीचं यंत्र, माझ्यात इतकी मेमरी, अमकं नेटवर्क कार्ड, हे हे चाललं, हे हे अडखळलं. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता टपालपेटीतच पुसला जातो, कुणाच्या घरात काय आहे हे कुणाला कळू नये म्हणून. उरते ती फक्त वेळ. पोस्टमास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते फार अस्वस्थ झाले. पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेलं पत्र म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच.

मोठ्या जातींची अशी पत्रं रोज हजारांनी यायची. आमच्या जातीची महिन्याला पाच-सहा. त्यातली काही सूनबाईच्याच डब्यांची. काही जहाजावरच्या एका निवृत्त वायरलेसवाल्याची. तो तिला वेगळी पत्रंही लिहायचा, म्हणून ती त्याला ओळखायची. घरात त्याचं नाव 'कप्तान' पडलं होतं. चौदा वर्षं तो त्या यंत्रावर आपल्या छपरावरच्या वाऱ्याच्या नोंदी करत होता. आणि उरलेली पत्रं एका अनोळखी यंत्राची. तोच पाहुणा.

पाहुण्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा सूनबाईने आम्हाला जेवताना सांगितलं, जसं कुणाकडे बाळ झाल्याचं सांगतात तसं. पाहुण्याच्या पत्रात एक तक्रारीची ओळ होती: नेटवर्क कार्ड मध्येच अडखळतं. तसलं कार्ड सूनबाईकडे नव्हतं, बाजारातही नव्हतं. मग ही काय करायची, अंदाजाने एक दुरुस्ती करायची, ती सिस्टिममध्ये घालायची आणि वाट बघायची. पाहुण्याचं पत्र साधारण महिन्याने यायचं. त्यात ती ओळ तशीच. की पुन्हा दुसरी दुरुस्ती, पुन्हा महिना. आठ महिन्यांत आठ पत्रं. आठव्यात ती ओळ नव्हती. त्या दिवशी सूनबाईने भाजीत मीठ दोनदा घातलं आणि आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

सहा वर्षं हे चाललं. पाहुणा कधी एक शब्द बोलला नाही, पण महिना चुकला नाही. सूनबाई माझ्या मुलाला सुनावायची, "लोक बघा कसे असतात. नेमाने नवी सिस्टिम घालतात, नेमाने पत्र टाकतात. नाहीतर तुम्ही, गॅसचा नंबर लावायला चार वेळा सांगावं लागतं." मुलगा म्हणायचा, पाहुण्याचा गॅस कोण लावतं ते आधी कळू दे. ती म्हणायची की तो नक्की एखाद्या वेधशाळेत असणार, किंवा मोठ्या ग्रंथालयात. तिने त्याचा चेहराही ठरवून टाकला होता: बारीक अंगाचा, चष्मेवाला, अबोल.

मागच्या वर्षी प्रकल्पाच्या प्रमुखाचं पत्र आलं. त्याचं म्हणणं असं की माणसांनी लिहिलेलं प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा जो प्रोग्राम असतो, त्याच्या नव्या आवृत्तीतून ही भाषा वगळली आहे. ती चालू ठेवायची तर सगळ्यांना जास्तीचं काम पडणार. म्हणून प्रश्न एवढाच: सांभाळणारी व्यक्ती सोडून आणखी निदान दोघं जण हे वापरतात का? वापरत असतील तर कसंही करून ठेवू. नसतील तर काढून टाकू. मुदत तीन महिने.

सूनबाईची सोळा वर्षं त्या प्रश्नात अडकली होती. तिने आम्हाला बसवून नीट समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, काळजी नाही, दोघं आहेत. कप्तान आणि पाहुणा.

कप्तानाने दुसऱ्याच दिवशी प्रमुखाला कळवलं की मी वापरतो आणि मरेपर्यंत वापरीन. एक झाला. पाहुण्याला गाठायचं तर पत्ता नाही. मग तिने नव्या सिस्टिममध्ये अशी व्यवस्था केली की यंत्र जागं झालं की पडद्यावर निरोप उमटावा: कृपया या पत्त्यावर दोन ओळी लिहा, तुमच्या शब्दावर बरंच काही अवलंबून आहे. महिना झाला, पाहुण्याच्या यंत्राचं नेहमीचं पत्र आलं, नवी सिस्टिम घातल्याचं त्यात दिसत होतं, पण दोन ओळी काही आल्या नाहीत. सूनबाई म्हणाली, लाजाळू असेल. आमची ही म्हणाली, इतका लाजाळू माणूस बरा नव्हे.

मुदत संपायला तीन आठवडे राहिले होते तेव्हाचा मंगळवार. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो होतो, सूनबाईसमोर ओट्यावर तिचा नेहमीचा लॅपटॉप उघडा, आणि कानाला फोन. पलीकडे तिची आई. विहीणबाईंचा फोन महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ठरलेला असतो, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे तारांच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद ठेवतात. टीव्ही बंद असला की लेकीची आठवण येते. हे माझं नाही, विहीणबाईंच्याच मुलाचं बोलणं आहे. तर विहीणबाई गुडघ्याबद्दल सांगत होत्या, ही हं हं म्हणत होती. मग पलीकडून त्या म्हणाल्या, आली बाई एकदाची वीज, ठेवते. आणि ही फोन ठेवते न ठेवते तोच ओट्यावर लॅपटॉप टिंग झाला. पाहुण्याचं पत्र.

सूनबाईने पत्र उघडलं. वेळ पाहिली. फोनकडे पाहिलं. मग उठून अडगळीच्या खोलीतून वही आणली आणि मागची पानं उलटत बसली. सहा वर्षांची पाहुण्याची पत्रं तिने तारीख, वार आणि वेळेसकट उतरवून ठेवली होती. पहिला मंगळवार, दुपारी चार ते पाच. पहिला मंगळवार, दुपारी चार ते पाच. मी शेंगा सोलायचा थांबलो.

तिने भावाला फोन लावला. तिचा धाकटा भाऊ स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज चालवतो, विहीणबाईंच्या घराच्या खालच्याच गाळ्यात. तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला, त्यामुळे पुढचं मीही ऐकलं.

"तुझ्या गॅरेजात माझा एक डबा होता," ती म्हणाली. "चौथा. लग्नाआधी ठेवला होता."

पलीकडे नुसता पान्याचा आवाज.

"ऐकतोयस का?"

"ताई, तू रागावशील."

"नाही रागावणार."

"आधी शपथ घे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हिने लग्नाच्या आधी एक डबा त्याच्या बाकड्याखाली लावून ठेवला होता, लांबून तपासायला म्हणून. वीज जाऊन आली की त्याने आपणहून नवी सिस्टिम शोधायची, घालून घ्यायची आणि पत्र टाकायचं, हे सगळं हिनेच त्यात लिहून ठेवलेलं. भावाला बजावलं होतं की याला बंद करू नकोस, फक्त विजा कडाडल्या तर वायर काढ. तो एका पावसात वायर काढायला विसरला. वीज कुठेतरी जवळ पडली आणि डब्याचं कार्ड जळलं. हिला इथून डबा दिसेनासा झाला, तिने विचारलं, तर याने भीतीपोटी सांगितलं की माहीत नाही, गेला असेल. हिने त्याचा नाद सोडला. तिच्या लेखी चौथा डबा मेला. पण भावाला चैन पडेना. दोन वर्षं तो भंगारबाजारात हिंडला आणि त्या खाचेत बसेल असं कुठलंतरी कार्ड शोधून आणून त्याने बसवलं. वर मेमरीही दुप्पट केली, भंगारवाल्याने आग्रह केला म्हणून. आणि ताईला काही कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर मुळात जळलं कसं हे सांगावं लागलं असतं.

म्हणजे कार्ड नवं, मेमरी नवी, पत्ता नाही. सूनबाईने आपलाच डबा ओळखला नव्हता. आठ महिने तिने जे कार्ड दुरुस्त केलं ते तिच्याच भावाने पाने-पक्कड घेऊन बसवलेलं होतं. आणि पडद्यावरचा तिचा निरोप कुणी वाचला नाही, कारण बाकड्याखालच्या त्या डब्याला पडदाच नव्हता.

"तू त्याच्यावर करतोस काय?" तिने शेवटी विचारलं.

"काय करतो म्हणजे? चालू ठेवतो."

सूनबाई हसायला लागली. तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी, आवाज नाही. भाऊ पलीकडून विचारतोय, रडतेस का, रडतेस का. ती म्हणाली, "नाही रे. मीही तेच करते."

त्या रात्री जेवताना घरात पंचायत बसली. मुलगा म्हणाला, मग झालं की, भाऊ धर, दोन पुरे होतात. तो माणूस आहे, त्याच्याकडे यंत्र आहे, यंत्र चालू आहे, आणखी काय वापरायचं असतं? आमची ही म्हणाली की भाऊ म्हणजे घरचाच, घरच्याची साक्ष कोण धरतं. मुलगा म्हणाला, त्यांना काय ठाऊक कोण कुणाचा भाऊ. सूनबाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि पोळी वाढली. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मलाच ठाऊक नाही. बरं झालं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावाचाही फोन. त्याला बहुतेक मुलाने सगळं सांगितलं असावं. तो म्हणे, मी सही करून देतो, शिक्का मारून देतो, गॅरेजचा शिक्का आहे माझ्याकडे. आणि मी रोज पुसतो त्याला, हेही लिही.

सूनबाईने प्रमुखाला खरं ते लिहिलं. कप्तान एक. दुसरा माझा भाऊ, त्याने ते यंत्र सहा वर्षं माझ्यासाठी चालू ठेवलंय आणि त्याला ते कशाचं आहे हे माहीत नाही. मी इतकी वर्षं त्याला अनोळखी समजत होते.

चार दिवसांनी उत्तर आलं. तो प्रमुख तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण हे पत्र सरळ होतं. त्यात लिहिलं होतं: अशी चूक मी आजवर ऐकली नव्हती. तुझा भाऊ धरायचा की नाही हे तू ठरव. तू धर म्हणालीस तर आम्ही पुन्हा विचारणार नाही.

म्हणजे चेंडू हिच्याच अंगणात. आणि त्यात त्या लोकांची आणखी एक रीत होती. कुठलीही जात सिस्टिममधून काढायची झाली तर ती दुसऱ्या कुणी काढायची नाही, जो सांभाळत आला त्यानेच स्वतःच्या हाताने काढायची. ठेवायची तरी हिनेच, काढायची तरी हिनेच.

आठवडाभर सूनबाई कचेरीत गेली, आली, स्वयंपाक केला, नातीचा अभ्यास घेतला. तिच्या वागण्यात काही फरक पडला असं मी म्हणणार नाही. फक्त एकदा मी खोलीत डोकावलो तर ती वहीत नावं लिहीत होती. मी विचारलं, ही कुणाची नावं. तर म्हणाली, गेल्या वर्षभरात ज्यांनी ज्यांनी माझ्या प्रोसेसरपायी जास्तीचं काम केलं त्यांची. कुणी तिच्या डब्यासाठी आपली फाइल पुन्हा लिहिली होती, कुणी तिच्या नऊ दिवसांसाठी आपली नवी आवृत्ती काढणं लांबवलं होतं. एकूण त्रेचाळीस निघाली.

"बाबा," ती म्हणाली, "माझा भाऊ चांगला आहे म्हणून त्रेचाळीस माणसांनी राबायचं, हे काही बरोबर नाही."

मी म्हटलं, "आणि कप्तान?"

कप्तानाला तिने आधीच लिहिलं होतं. शेवटची सिस्टिम पूर्ण, तपासून देईन आणि पुढे काही बिघडलं तर मला थेट लिहा, असं. कप्तानाचं उत्तर आलेलं होतं: मी एक्क्याऐंशीचा आहे, तुझी शेवटची आवृत्ती माझ्यापेक्षा जास्त टिकेल, ती नीट बांध.

तिने ती नीट बांधली. नऊ दिवस. या वेळी आमच्या हिने इस्त्रीला आपणहून कुलूप लावलं, मिक्सर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. पोस्टमास्तर रोज संध्याकाळी जिन्यातून विचारायचे, कुठवर आलं? मी सांगायचो, सहावा दिवस, सातवा दिवस. दहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता डब्याने काम संपल्याचं लिहिलं. सूनबाईने ते प्रकल्पाकडे पाठवलं, आंघोळ केली आणि कचेरीत गेली.

पुढच्या मंगळवारी दुपारी तिने ती जात काढली. मी दारात उभा होतो. मला वाटलं होतं बराच वेळ लागेल. अकराशे फाइली होत्या, त्यातल्या साडेतीनशे तिने स्वतः लिहिलेल्या, काही गुरुजींच्या. एका ओळीच्या हुकुमाने सगळ्या गेल्या. अर्धं मिनिटसुद्धा नाही. त्यानंतर जे केलं त्याची टीप लिहावी लागते, म्हणजे पुढे कुणी बघितलं तर कळावं काय केलं आणि का. लोक तिथे परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात म्हणे. हिने वहीत चार-पाच वाक्यं लिहिली, खोडली, आणि शेवटी कॉम्प्युटरवर दोनच टाकली. तिने मला त्यांचा अर्थ सांगितला: "काढलं. चालत होतं."

प्रकल्पाच्या यादीत आता दहा जाती आहेत. त्रेचाळीसांपैकी एकोणतीस जणांनी तिला पत्रं लिहिली, त्यातल्या काहींना ती अजून उत्तरं लिहिते आहे.

त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन केला. म्हणाली, आता तो डबा बंद केलास तरी चालेल, त्याला नवं काही येणार नाही.

भाऊ म्हणाला, "बिघडलाय का?"

"नाही."

"मग बंद कशाला करू?"

सूनबाईने आईच्या गुडघ्याची चौकशी केली.